भाऊच्या हातची सुई

मला लोक सिस्टर म्हणायचे. गावात दवाखाना घेऊन वर्ष उलटलं तरी नवा माणूस आला की माझ्याकडे पाहून विचारायचा, "सिस्टर, डॉक्टरसायेब कुठी हायेत?" मी खुर्चीत बसलेली, गळ्यात स्टेथोस्कोप, मागे भिंतीवर माझी पदवी चौकटीत टांगलेली. आणि बाहेर फळीजवळ गोळ्यांच्या पुड्या बांधत एक अकरावी नापास माणूस उभा, पांढरा सदरा, कपाळावर चष्मा. लोक त्याच्यापुढे हात जोडायचे. "डॉक्टरसायेब, बरं नाही वाटून राह्यलं." तो हसून माझ्याकडे बोट करायचा, "डॉक्टर त्या हायेत, मी कंपाउंडर." त्याच्या त्या हसण्याचा मला जितका राग यायचा तितका लोकांच्या चुकीचाही यायचा नाही.

दवाखाना मी एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतला. चिखलीहून उंद्रीकडे जाताना लागणारं गाव, एका खोलीचे पडद्याने केलेले दोन भाग, बाहेर ओसरी. सामानात एक तपासणीचं बाकडं, एक वजनकाटा, एक पंखा आणि हा कंपाउंडर. डॉक्टर म्हणाले, "याला ठेवा. गाव याच्या ओळखीचं आहे." मी मनात म्हटलं, ठेवते, ओळख माझीही होईल. काय माझा विश्वास! मी चिखलीहून रोज स्कूटीवर यायची, आठ वर्षांचा अनुभव गाठीशी, आणि मला वाटायचं सहा महिन्यांत गाव माझं नाव घेईल.

गाव त्याला भाऊ म्हणायचं. मीही भाऊच म्हणायची, कारण माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठा माणूस. आणि भाऊच्या हाताला गुण होता. हे मी म्हणत नाही, गाव म्हणायचं. त्याची सुई लागत नाही, त्याच्या सुईने ताप उतरतो, त्याच्या सुईची गाठ येत नाही. अहो, औषध मी लिहायची! किती द्यायचं, कुठे द्यायचं, केव्हा द्यायचं, सगळं चिठ्ठीवर माझ्या अक्षरात. गुण मात्र त्याच्या हाताला. बरं वाटलं तर "भाऊनं सुई देल्ली म्हणून", आणि नाही वाटलं तर "मॅडमची दवाई लागू पडली नाही."

भाऊ एकदा मेहकरला लग्नाला गेला होता. त्या दिवशी माणसं ओसरीत यायची, आत डोकावायची, पुड्यांची फळी मोकळी दिसली की चपला घालायची. "भाऊ नाही का? मंग उद्या येतो." ताप उद्यापर्यंत थांबवून ठेवणारे लोक मी त्याच गावात पाहिले. दिवसभरात मी दोन पेशंट तपासले. त्यातला एक एसटीतून चुकून उतरलेला परगावचा होता.

तुरीच्या शेंगा आल्या की पहिली पिशवी भाऊला. हुरडा आला की भाऊला. मग आठवण झाल्यासारखं, "मॅडमलेही द्या थोडा." त्या 'थोडा'ने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी जाऊन मी तो हुरडा तसाच ओट्यावर टाकून द्यायची. आणि एक गोष्ट सांगते, आता लपवून काय करू. मी घरी मोसंबी घेऊन बसायची आणि मोसंबीला सुया द्यायची. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीसारखी! हात हलका व्हावा म्हणून. मोसंबीला काय लागतंय आणि काय नाही, ती थोडीच सांगणार होती?

भाऊचं सुई देणं मी पडद्याआडून पाहिलं होतं. त्यात जादू काही नव्हती. गावातल्या पुरुषांची एक खोड आहे, ते सुई उभ्यानेच घेतात. भिंतीकडे तोंड करायचं, एक हात भिंतीला टेकवायचा, पँट जरा खाली सरकवायची आणि म्हणायचं, "टोचा." बाकड्यावर झोपून सुई घेतली म्हणजे आपण खरंच आजारी आहोत हे कबूल केलं, असं त्यांना वाटतं. भाऊ सगळ्यांना आधी भिंतीकडे उभं राहू द्यायचा. मग मागून बोलत बोलत औषध भरायचा. "कपाशीले पाणी झालं का? पोरगी आली का सासरहून?" आणि माणूस बोलण्यात रंगला की खांद्याला धरून त्याला बाकड्यावर आडवं करायचा. "झोप बे जरा, पाय दुखतीन उभं राहून." तो झोपायचा, पाय सैल सोडायचा, आणि सुई झालेली त्याला कळायचीही नाही. एवढंच. मी म्हणायची, बडबड करून सुई देणं ही काय विद्या आहे?

आता जीपवाल्याबद्दल सांगते. चिखली ते उंद्री प्रवासी जीप चालवणारा माणूस, चाळिशीतला, उंच आणि काडीसारखा बारीक. दिवसभर गाडीत बसून कंबर धरायची. महिन्यातून एकदा तरी यायचा. मी तपासायची, गोळ्या लिहायची, आणि तो पडद्याकडे जाता जाता म्हणायचा, "सुई भाऊच्या हातची पाह्यजे बरं, मॅडम." दर वेळी. माझ्या तोंडावर. त्यात वाईट हेतू काही नव्हता हो, चहात साखर जास्त टाका म्हणावं तसं म्हणायचा. पण माझ्या पोटात दुखायचं. डॉक्टर असून या पोटदुखीवर माझ्याकडे गोळी नव्हती.

दवाखाना घेऊन चार वर्षं झाली होती. त्या दिवशी सकाळीच माझं डोकं फिरलेलं होतं. एक बाई लेकराला घेऊन आली, लेकरू मला पाहून किंचाळायला लागलं आणि भाऊने नुसतं "ये बापू" म्हटलं तर त्याच्या कडेवर जाऊन बसलं. ती बाई म्हणाली, "लेकराईले बरोबर समजते." काय समजतं? मी राक्षसीण आहे हे? त्यावर हा जीपवाला आला. कंबर धरलेली. मी चिठ्ठी लिहिली आणि तो म्हणाला, "भाऊच्या हातची."

माझ्या मनात आलं, आज याची गंमत करू.

गंमतच म्हटलं मी. हा भिंतीकडे तोंड करून उभा राहणार. मागे कोण आहे ते त्याला दिसणार नाही. सुई मी देईन, आणि तो वळून म्हणेल, "व्वा भाऊ, समजलंच नाही." तेव्हा मी त्याच्या समोर उभी असेन. मग पाहू दे गावाला हात कोणाचा हलका ते! जीपवाला म्हणजे चालतंबोलतं वर्तमानपत्र, दुपारपर्यंत उंद्रीत आणि संध्याकाळपर्यंत चिखलीत बातमी पोचली असती. मी मनातल्या मनात ते वाक्यही तयार ठेवलं होतं.

पडद्याआड तो उभा होता, हात भिंतीला. भाऊ औषध भरत विचारत होता, "गाडीचा क्लच बसवला का मंग?" जीपवाला सांगू लागला, कोणत्या मिस्त्रीकडे नेली, काय झालं. मी आत गेले, ओठांवर बोट ठेवलं आणि भाऊच्या हातातून सिरिंज घेतली. भाऊ माझ्याकडे पाहतच राहिला. त्याला वाटलं असेल, मॅडम थट्टा करतायत. मग माझा चेहरा पाहून त्याला कळलं, थट्टा नाही. त्याने मान हलवली आणि बाकड्याकडे बोट दाखवलं, आधी झोपवा म्हणून. अस्सं! आता हा मला शिकवणार? मला इतकी चीड आली की मी बाकड्याकडे पाहिलंही नाही. माझा आवाज त्याच्या कानावर गेला असता तर डाव फसला असता, म्हणून मी जीपवाल्याला झोपही म्हणू शकत नव्हते आणि पाय सैल सोडही म्हणू शकत नव्हते. तो उभाच होता, सगळा भार डाव्या पायावर, अंगावर मांस नाही. "ऐकता का भाऊ?" असं त्याने दोनदा विचारलं. मी घाईत त्याच बाजूला सुई दिली.

"आई गंऽऽ!" तो एवढ्या जोरात ओरडला की ओसरीतली माणसं उठून उभी राहिली. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत वीज गेल्यासारखं झालं, म्हणाला. मी मागच्या मागे पडद्याबाहेर निघाले. हो, पळालेच. खुर्चीत येऊन बसले, ओसरीतून आत आलेल्या पेशंटला समोर बसवलं आणि त्याची नाडी धरली. आतून जीपवाल्याचा आवाज येत होता, "काय भाऊ, आज काय झालं तुमाले?" आणि भाऊ म्हणत होता, "बस जरा. बस. पाय चोळून देतो."

दुसऱ्या दिवशी त्याची चप्पल चालता चालता पायातून निसटू लागली आणि त्याला ते समजेना. तिसऱ्या दिवशी पायाचा पंजा वर उचलेना. मी पाहिलं आणि मला लगेच कळलं. सुई कमरेतून पायाकडे जाणाऱ्या नसेला लागली होती. मीच चिठ्ठी लिहून त्याला अकोल्याला मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी सांगितलं, पट्टा बांधा, व्यायाम करा, काही महिने लागतील, किती परत येईल ते आत्ता सांगता येत नाही. डावा पाय. क्लचचा पाय. त्या पायावर त्याचं घर चालत होतं.

त्याची बायको दवाखान्यात आली ती कमरेला पदर खोचूनच. ओसरी भरलेली. तिने मला विचारलंही नाही, सरळ फळीपुढे उभी राहिली. "भाऊ, सुई कोनं देल्ली?"

माझं तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण त्याआधी भाऊ म्हणाला, "म्याच देल्ली, वैनी."

आणि मी तोंड मिटलं. भीती वाटली म्हणून मिटलं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. पण भीतीच्या खाली आणखी काही होतं, आणि ते मला तेव्हाच जाणवलं होतं. मला आनंद झाला. भाऊचा हात चुकला, हे भर ओसरीत, त्याच्या तोंडून, सगळ्यांनी ऐकलं. चार वर्षं जे ऐकायला कान तरसले होते ते हे. एका माणसाचा पाय गेला होता आणि मला बरं वाटलं.

त्याच आठवड्यात मी बुलढाण्याला माझ्या मावसभावाकडे गेले. तो वकील आहे. त्याला मी सांगितलं ते भाऊने सांगितलं तेच, की सुई कंपाउंडरने दिली. त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, "ताई, नोकराने कामावर असताना, तुझ्या कामासाठी केलेली चूक कायद्याने तुझी. त्याच्या हातून झाली तरी जबाबदार तू. तुझा दवाखाना, तुझं औषध, तुझी चिठ्ठी." मला हे नवीन नव्हतं. माझे वडील मलकापूरला कापसाचे व्यापारी. हमालाने गठाण चिखलात पाडली तर समोरच्या पार्टीपुढे ते स्वतः हात जोडून उभे राहायचे. म्हणायचे, गठाण माझ्या आवारात पडली, हमालाचं नाव कशाला विचारता? मी लहानपणी ते पाहून त्यांच्यावर चिडायची.

"पण एक वाट आहे," मावसभाऊ म्हणाला. "त्याने तुझ्या परवानगीशिवाय, तू सांगितलेलं नसताना, स्वतःच्या मनाने दिली असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय सुई द्यायला लागतं ते शिक्षण त्याच्याकडे आहे का? नाही ना? म्हणजे ते त्याचं कामच नव्हतं. तसं लिहून घे आणि त्याला काढून टाक. म्हणजे तुझ्या अंगावर कमी येईल." मी घरी आले ते हे वाक्य घोळवत. माझ्या परवानगीशिवाय. स्वतःच्या मनाने. किती सोपं होतं! भाऊ नाही म्हणणार नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं. दवाखाना माझा होईल, गाव माझं होईल, आणि पुड्यांच्या फळीजवळ एखादी नर्सिंग शिकलेली मुलगी उभी राहील जी मला मॅडम म्हणेल आणि जिला कोणी ओळखत नसेल.

जीपवाल्याच्या अंगणात बैठक बसली. तो खाटेवर, पायाला पट्टा. त्याची बायको उंबऱ्यात. गावचे पोलीस पाटील, आठ-दहा जाणती माणसं, मी एका प्लास्टिकच्या खुर्चीत आणि भाऊ खाली सतरंजीवर, मान घालून. मी ते वाक्य जिभेवर घेऊनच बसले होते.

पोलीस पाटील म्हणाले, "मॅडम, माणूस तुमचा हाय. दवाखाना तुमचा. भाऊकडून झालं, तो कबूल करते. पण तीस वर्षांत असं कदी झालं नाही. तवा मोठे डॉक्टर होते, त्याईचं ध्यान राहे. तुमी तिथंच होत्या ना? तुमचं ध्यान कुठी होतं?"

दुसरे एकजण म्हणाले, "त्याच्यावर कामाचा बोजा पडला असन."

तिसरे म्हणाले, "थकला असन बिचारा. मॅडमनं पाहाले पाह्यजे होतं."

ऐकताय ना? तो स्वतः म्हणतोय मी चुकलो, आणि हे म्हणतायत तो थकला असेल! गुण आला तर त्याचा हात, आणि पाय गेला तर माझं ध्यान! कायदा मावसभावाने सांगितला तोच, पण गावाच्या तोंडून तो ऐकताना माझ्या कानशिलाच्या शिरा उडायला लागल्या. आता म्हणतेच, असं ठरवून मी घसा खाकरला. त्याच वेळी जीपवाल्याची म्हातारी आई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. ज्या घराचा कर्ता खाटेवर बसला होता त्या घरची म्हातारी. ती माझ्या खुर्चीला वळसा घालून गेली आणि भाऊपुढे वाकली. "पानी पे, भाऊ. जिवाले लावून घेऊ नको."

मला कोणी पाण्याचं विचारलं नव्हतं.

"सुई मी दिली!" मी ओरडले. "मी! यानं नाही. हा नुसता उभा होता. मी दिली!"

हे मी चांगुलपणाने बोलले असं कोणाला वाटू नये. पश्चात्ताप, सचोटी, असलं काहीसुद्धा त्या क्षणी माझ्या मनात नव्हतं. गुन्हेगार होऊनही त्यालाच आधी पाणी मिळतंय, हे मला बघवलं नाही, बस. निदान ती चूक तरी माझी होती, तीही हा घेऊन चालला होता.

 भाऊने मान वर केली नाही. मग पोलीस पाटलांनी एक मोठा श्वास सोडला आणि आजूबाजूला पाहून म्हणाले, "पाह्यलं का? मालकीन असावी तं अशी. माणसाची चूक सोताच्या अंगावर घेऊन राह्यली."

मी म्हणाले, "अहो, खरंच मी..."

"राहू द्या मॅडम, आमी काय लहान हाओत का? भिऊ नका, भाऊले कोनी काही करत नाही."

जीपवाल्याची बायको उंबऱ्यातून उठली, माझ्याजवळ आली आणि तिने माझे दोन्ही हात धरले. "आमी वळखलंच नाही तुमाले," म्हणाली. तिचे डोळे भरले होते. जीपवाला खाटेवरून हात जोडत होता. म्हातारी तांब्या घेऊन माझ्याकडे आली. चार वर्षांत पहिल्यांदा त्या गावाने माझ्याकडे तसं पाहिलं, जसं ते भाऊकडे पाहायचं. मी आणखी एकदा नाही म्हणायला हवं होतं, दहादा म्हणायला हवं होतं. मी तांब्या घेतला आणि पाणी प्यायले. उपचाराचा सगळा खर्च माझा, गाडीवर बदली ड्रायव्हरचा रोज माझा, असं मी म्हणाले आणि लोक आणखीच खूश झाले.

दवाखान्यात परत आलो तेव्हा दुपार झाली होती, ओसरीत कोणी नव्हतं. भाऊ नेहमीसारखा फळीजवळ गेला आणि पुड्यांचे कागद कापायला लागला. ते पाहून माझं डोकं पुन्हा तापलं.

"तुम्ही बोलला का नाहीत? मी एवढं ओरडून सांगत होते, तुम्ही एक शब्द बोलला असतात तर त्यांनी ऐकलं असतं! आणि मुळात पहिल्या दिवशी खोटं का बोललात? मी सांगितलं होतं का तुम्हाला? माझ्यावर उपकार करायचे होते?"

"नाही मॅडम," तो म्हणाला. कात्री खाली ठेवली. "तुमच्यासाठी नाही बोललो मी."

"मग?"

"तो माह्या भरोशावर भितीकडं तोंड करून उभा राह्यला. मांगं कोन हाय हे त्यानं वळून पाह्यलं नाही, काऊन की त्याले वाटलं मी हाओ. तुमी तुमच्या नावानं सुई देल्ली असती तं मी कायले मधात पडलो असतो? माह्या नावानं गेली ते सुई."  तो कधीच इतकं लांब बोलत नसे माझ्याशी. "अन् मी तिथं होतो. झोपवा म्हणून बोट दाखवलं, पण तुमचा हात नाही धरला. मालकीन म्हणून नाही धरला. धराले पाह्यजे होता. ते चूक माहीच हाय, त्यात खोटं काय?"

मी खुर्चीत बसले. तो म्हणाला, "उद्यापासून सुई तुमीच द्या. माह्यानं नाही होत आता. सिरिंज धरली का हात कापते."

त्याने हात पुढे करून दाखवला. खरंच कापत होता. मी त्या हाताकडे पाहत होते आणि, काय सांगू तुम्हाला, मला त्या क्षणीसुद्धा त्याचा हेवाच वाटला. एखाद्याने आपल्या नावाच्या भरवशावर पाठ करून उभं राहावं, आणि त्या पाठीसाठी आपला हात असा कापावा, एवढं माझ्याकडे काय होतं? मोसंबी होती.

त्यानंतरचे दोन दिवस माझे चांगले गेले. मुद्दाम सांगते. लोक मॅडम मॅडम करत येत होते, एकीने तुरीच्या शेंगांची पिशवी आधी माझ्या टेबलावर ठेवली. सुया मी देत होते, सगळ्यांना बाकड्यावर झोपवून, आणि कोणी कुरकुर केली नाही. भाऊ फळीजवळ पुड्या बांधत होता. माणसं त्याच्याकडे पाहून हळू आवाजात बोलायची आणि लेकरांचे हात धरून त्यांना त्याच्यापासून जरा बाजूला घ्यायची. एका बाईने तिच्या नातवाला सांगितलं, "त्या बुवाजवळ जाऊ नको, सुई टोचन तो." ते त्याने ऐकलं. मीही ऐकलं. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि त्या रोज हसणाऱ्या माणसाने मान खाली घालून कागद कापणं मला दोन दिवसांच्या वर पाहवलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याला जायच्या आधी मी जीपवाल्याकडे गेले. पाय त्याचा पुढे बराचसा परत आला. आता तो गाडी चालवतो, लांबच्या फेरीनंतर पंजा थोडा फरफटतो. पण ते तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हा तो अंगणात बंद जीपमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर बसून, पट्टा बांधलेला पाय क्लचवर ठेवून दाबून पाहत होता. मला पाहून उतरायला लागला.

"उतरू नका," मी म्हणाले आणि जीपच्या दारापाशी उभी राहिले. "मी बैठकीत खरं बोलले होते. सुई मीच दिली."

तो हसला. "मॅडम, झालं ना आता ते."

"तुम्ही क्लचचं सांगत होतात. कोणत्या मिस्त्रीकडे नेली ते. भाऊ विचारत होता आणि तुम्ही सांगत होतात. मग तुम्ही दोनदा म्हणालात, 'ऐकता का भाऊ?' उत्तर आलं का?"

त्याचं हसू तिथल्या तिथे थांबलं. तो स्टेअरिंगकडे पाहत राहिला. भाऊ सुई देताना कधी गप्प बसत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं?

"भाऊ बोलला नव्हता," तो हळूच म्हणाला.

"नव्हता. मी त्याच्या हातातून सिरिंज घेतली. त्याने झोपवा म्हणून खूण केली, तीही मी मानली नाही. तुम्ही दर वेळी भाऊच्या हातची, भाऊच्या हातची म्हणायचात, त्याने मी जळायची. तुम्हाला फसवून सुई द्यायची आणि मग तुमच्या तोंडून कौतुक ऐकायचं, म्हणून दिली. भाऊचा काही दोष नाही. आजच हे सगळ्या गावाला सांगा. मी पोलीस पाटलांकडेही जातेय, इथूनच."

त्याची बायको दारात येऊन उभी होती, तिने ऐकलं होतं. मला वाटलं ती धावून येईल, शिव्या देईल. मी त्याला तयार होते, खरं म्हणजे मला ते हवंच होतं. ती दारातच थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग नवऱ्याच्या पायाकडे पाहिलं.

जीपवाल्याने पाय हाताने उचलून क्लचवरून काढला आणि बाजूला ठेवला.  मग म्हणाला, "मॅडम, एक इचारू का?"

"विचारा."

"तुमी मले म्हटलं असतं, आज मी देतो सुई, तं म्या नाही म्हटलं असतं का?"

चार वर्षांत मी त्याला, किंवा त्या गावातल्या कोणालाच, एकदाही तसं म्हटलं नव्हतं. मी म्हणाले, "माहीत नाही."

"मले माहीत हाय," तो म्हणाला. "नसतं म्हटलं."